इर्मा आत्याचं हात न लावलेलं रिव्हॉल्वर

३ फेब्रुवारी, रविवार

आजपासून ही वही. जुनी शस्त्रं जमवणाऱ्यांचा आमच्या जिल्ह्याचा जो क्लब आहे, त्याची मे महिन्यात निवडणूक आहे आणि मी अध्यक्षपदासाठी उभा आहे. उद्या कुणाला क्लबचा इतिहास लिहावासा वाटला, तर त्याला आतल्या गोटातली खात्रीची माहिती मिळावी एवढाच माझा हेतू.

मी, ऑर्विल टेश, वय एकोणसत्तर. सारी नोकरी विमा कंपनीत नुकसानीचे पंचनामे करण्यात गेली. जळलेलं कोठार असो की गारांनी ठेचून काढलेली मोटार, वस्तू किती मोलाची होती आणि त्यातलं किती गेलं हे नुसतं बघून सांगायचं, हा माझा धंदा. निवृत्त झालो तरी नजर निवृत्त झालेली नाही.

माझ्या कपाटातली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे १९५२ सालचं एक छोटं रिव्हॉल्वर. पाच गोळ्यांचं, दोन इंची नळीचं, तळहातात मावेल एवढं. अंगावर निकेलचा चकचकीत मुलामा. मूळ माझ्या बायकोच्या, लव्हॉनच्या, इर्मा आत्याचं. या आत्याचं तळ्याकाठी जेवणघर होतं आणि गल्ल्याखालच्या खणात, कागदी रुमालांच्या गठ्ठ्यामागे हे पडून असायचं. आत्यानं जाताना ते लव्हॉनला दिलं. सांभाळायची जबाबदारी साहजिकच माझ्याकडे आली.

खरी गंमत पुढेच आहे. कारखाना निकेलच्या रिव्हॉल्वरांनासुद्धा घोडा आणि चाप साध्या पोलादाचाच ठेवत असे. आमच्या रिव्हॉल्वरच्या घोड्यावर आणि चापावरही निकेल आहे! म्हणजे ही खास मागणीवरून घडवलेली वस्तू. क्लबातल्या सेल्मर हॉगेनचं यावर काय म्हणणं आहे ते मी या वहीत लिहिणार नाही.

आज सकाळी ओट्स खाताना लव्हॉन म्हणाली, "ऑर्व्ही, आत्याच्या रिव्हॉल्वरची मूठ फार बारीक आहे रे. रबराची जाड मूठ बसवली तर?"

मी चमचा खाली ठेवला. "मूळची लाकडी मूठ काढून रबर? लव्हॉन, किंमत जागच्या जागी निम्मी होईल."

"पण हातात नीट बसेल."

"हातात बसवायचंय कुणाला?"

त्यावर ती बराच वेळ काहीतरी बोलत होती. मी क्लबपुढच्या भाषणाचा मसुदा वाचत होतो, म्हणून 'हो, हो' म्हणालो. तिला समाधान वाटलेलं दिसलं, कारण माझ्या वाडग्यात तिनं आणखी मनुके घातले.

कपाटाची किल्ली मी ओट्सच्या डब्यात मागच्या बाजूला ठेवतो. ही जागा कुणाच्या बापाला सुचणार नाही.

७ फेब्रुवारी, गुरुवार

लव्हॉन आजपासून बायकांच्या एका गटाला जायला लागली. दर गुरुवारी, एमेट क्रानच्या जागेत. एमेट बंदुका दुरुस्त करतो आणि त्याची बायको गोधड्या शिवते. म्हणजे गोधड्यांचाच गट असणार. चांगलं आहे. तिनं तीस वर्षं शाळेची बस चालवली, बर्फात, धुक्यात, मागे चाळीस पोरांचा कालवा. आता जरा बसून नाजूक काम करू दे.

जाताना मोठी पिशवी घेऊन गेली. वजनदार वाटली. कात्र्या असतील.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

क्लबची बैठक. विजय! माझा ठराव मंजूर झाला. नियम असा: कुणीही सभासदानं दुरुस्त केलेली, सुधारलेली, बदललेली वस्तू 'मूळ स्थितीतली' म्हणून प्रदर्शनात मांडली, तर त्याचं सभासदत्व एक वर्षासाठी स्थगित, आणि त्या वर्षी निवडणूकही लढवता येणार नाही.

भाषण चांगलं झालं. मी म्हणालो, "मित्रहो, सुधारणा हा चोरीचाच एक प्रकार आहे. जो माणूस जुन्या रिव्हॉल्वरला नवी मूठ लावतो, नवी स्प्रिंग घालतो, तो त्याच्या पोटातला इतिहास काढून घेतो."

सेल्मर मागच्या बाकावर बसला होता. हा सेल्मर म्हणजे निवडणुकीतला माझा प्रतिस्पर्धी आणि मधल्या कुंपणापलीकडचा शेजारी. बसल्याबसल्या विचारतो, "ऑर्विल, आणि कुणी नकळत मांडली तर?"

"संग्राहक असून ज्याला कळत नाही त्याला दुप्पट शिक्षा हवी," मी म्हणालो. टाळ्या पडल्या.

"तसं लिहून घ्यायचं का?" सेल्मर म्हणाला. मी म्हटलं, दुप्पट नको, एक वर्ष पुरे. मनाचा मोठेपणा दाखवायला काय लागतं!

२१ फेब्रुवारी, गुरुवार

गोधड्यांचं काम दिसतं तेवढं सोपं नसावं. लव्हॉनच्या उजव्या तर्जनीला घट्टा पडलाय. अंगाला वासही येतो. चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या फटाक्यांनंतर, अंगणात जसा येतो तसा. एमेटच्या जागेतली शेगडी धूर मारत असणार. मी तिला म्हटलं, "त्या एमेटला धुराडं साफ करायला सांग."

ती खूप हसली. म्हणाली, "सांगते."

अजून एकही गोधडी घरी आलेली नाही. दान करत असतील.

२ मार्च, शनिवार

एक शोध लागला.

प्रदर्शनासाठी रिव्हॉल्वर पुसायला बाहेर काढलं. रिकामं आहे याची खात्री केली आणि सहज चाप ओढून पाहिला. बऱ्याच वर्षांत ओढला नव्हता. काय सांगू! पूर्वी तो खरखरत, अडखळत यायचा, निदान मला तसं आठवत होतं. आज मात्र कोमट लोण्यातून सुरी फिरावी तसा आला. म्हणजे माझी आठवण चुकीची. खरं कारण उघड आहे: त्या काळचे कारागीर!

राहवेना, म्हणून तडक एमेटकडे गेलो. "ओढून बघ," मी म्हणालो.

एमेटनं दोनदा ओढलं. हा माणूस बोलताना शब्द उसने आणल्यासारखे वापरतो. "छान आहे," म्हणाला.

"छान? अरे, जादू आहे जादू!"

"कुणीतरी मन लावून काम केलंय."

"तेच तर म्हणतोय! सदुसष्ट वर्षांपूर्वी त्या कारखान्यात एक माणूस बाकावर बसला असेल, हातात कानस, आणि हे पोलाद घासत असेल. आजच्या कुठल्या माणसाला जमेल हे?"

एमेटला खोकल्याची मोठी उबळ आली. सावरल्यावर म्हणाला, "जमेल एखाद्याला."

"नाव सांग."

"राहू दे, ऑर्विल. लव्हॉनला नमस्कार सांग."

थोडा मत्सर वाटला त्याच्या बोलण्यात. धंद्यातला माणूस, चालायचंच.

११ मार्च, सोमवार

शोध क्रमांक दोन! नळीच्या टोकावर नेम धरायला जी छोटी माशी असते, तिच्या खाचेत भिंगाखाली लाल रंगाचा बारीक कण दिसला. उजळ, चकचकीत लाल. कारखान्यातला तपासनीस माल पास करताना असा ठिपका देत असणार. एवढ्या वर्षांत मला हा दिसला नाही, कारण मी तिथे बघितलंच नव्हतं. कुठल्याही पुस्तकात याचा उल्लेख नाही. म्हणजे कदाचित मीच जगात पहिला.

संध्याकाळी सेल्मर कुंपणाशी बर्फ ओढत होता. मला राहवलं नाही, त्याला आत बोलावून भिंगाखाली दाखवलं. त्यानं बराच वेळ पाहिलं.

"ऑर्विल, हा रंग मी पाहिलाय."

"कुठे?" मी जवळजवळ ओरडलोच.

"माझ्या मेहुणीच्या नखांवर."

माणूस हरायला लागला की असा खालच्या पातळीवर उतरतो. लव्हॉन कॉफी घेऊन आली, तर तो तिच्या हातांकडे टक लावून पाहत होता. लव्हॉननं कप ठेवला आणि हात एप्रनच्या खिशात घातले. परक्या माणसानं असं बघितल्यावर कुठलीही बाई घालेल.

जाताजाता तो मला म्हणतो, "एक विचारू? ते प्रदर्शनात 'मूळ स्थिती' या गटातच मांडणारेस ना? नक्की?"

"नक्की."

"वा," म्हणाला आणि बर्फात शीळ घालत गेला.

१५ मार्च, शुक्रवार

चर्चच्या तळघरात मासळीचं जेवण. तळलेला कॉड, बटाट्याचे पॅनकेक. लव्हॉननं दोन वेळा वाढून घेतलं. हल्ली तिची भूक वाढली आहे.

घरी येताना गाडीत म्हणाली, "ऑर्व्ही, आत्याचं रिव्हॉल्वर प्रदर्शनात मांडू नकोस."

"का?"

"कारण ते तुला वाटतं तसं नाहीये."

"लव्हॉन, मला वाटतं त्यापेक्षाही ते भारी आहे, हे याच महिन्यात सिद्ध झालंय."

"माझं जरा ऐकशील का? एमेटनं त्याचा…"

मी तिला तिथेच थांबवलं. एमेटला हेवा वाटतोय हे मी स्वतः पाहिलेलं आहे. "एमेटचं नाव काढू नकोस. त्याला जुन्या कारागिरीची कदर नाही."

ती मग म्हणाली, "दुसरं कुठलंही ने. तुझी ती घोडदळाची तलवार ने."

तलवार! तलवारीला तर मी स्वतःच नवी मूठ लावलेली आहे. अर्थात ते वेगळं, आधीची मूठ वाईट दिसत होती.

आत्याची आठवण म्हणून जीव अडकला असेल बिचारीचा. मी तिच्या हातावर थोपटलं. हात चांगलाच दणकट लागला.

३० मार्च, शनिवार

लाल ठिपक्याबद्दल ज्या अभ्यासकांना पत्र घातलं होतं त्यांचं उत्तर आलं. 'अशा कोणत्याही खुणेची नोंद आमच्याकडे नाही.' कोणत्याही! म्हणजे अतिशय दुर्मिळ.

लव्हॉनला वाचून दाखवलं. ती भांडी घासता घासता एकदम खाली बसली आणि तोंडावर फडकं धरलं. खांदे हलत होते. इतकी भावनाविवश होईल असं वाटलं नव्हतं.

१३ एप्रिल, शनिवार

आज जे झालं ते सगळं लिहिणार आहे. कुणाला क्लबचा इतिहास लिहायचाच असेल तर त्यानं हे पान गाळलं तरी चालेल.

प्रदर्शन जत्रेच्या मैदानावरच्या मोठ्या शेडमध्ये होतं. मी टेबलावर निळी मखमल अंथरली, मधोमध रिव्हॉल्वर, शेजारी भिंग, आणि पाटी: 'इर्मा फोर्स्टर यांचे रिव्हॉल्वर, १९५२. खास मागणीचा मुलामा. तपासनिसाच्या दुर्मिळ खुणेसह. आजतागायत हात न लावलेले.' सकाळपासून गर्दी. एमेट शेडच्या दाराशी सॉसेजचा पाव खात उभा होता. मुद्दाम लांब. लव्हॉनही आली होती आणि मी न सांगता आपली खुर्ची टेबलाजवळ ओढून बसली होती.

परीक्षक म्हणून मॅडिसनहून मिसेस पाश आल्या होत्या. पांढरे केस, गळ्यात दोऱ्याला बांधलेला चष्मा, आवाज मृदू. त्यांनी पाटी वाचली, रिव्हॉल्वर उचललं आणि घोड्याकडे, चापाकडे बघितलं.

"निकेल सगळीकडेच," त्या म्हणाल्या.

"खास मागणी!" मी म्हणालो.

"हं." मग त्यांनी रिव्हॉल्वर रिकामं असल्याचं बघून चाप ओढला. भुवया वर गेल्या. पुन्हा ओढला. "अरे वा. हे फार सुंदर आहे. मिस्टर टेश, आत बघितलं तर चालेल?"

"ऑर्व्ही," मागून लव्हॉन म्हणाली, "नको."

"अवश्य बघा," मी म्हणालो. भोवती वीसेक माणसं जमली होती. सेल्मर सगळ्यात पुढे.

त्यांनी छोट्या पेचकसानं बाजूची पट्टी उघडली, चष्मा लावला आणि आत पाहत राहिल्या. बाहेर तव्यावर कांदे परतल्याचा आवाज शेडमध्ये ऐकू येत होता.

"स्प्रिंग नवी आहे," त्या म्हणाल्या. "या वर्षातली असावी. आतले भाग हातानं घासून गुळगुळीत केलेत, फार सफाईनं. आणि इथे आत कुणीतरी आपली दोन अक्षरं कोरलीयेत. ए. क्रा."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. एमेटनं तोंडातला घास गिळला. "काम केलं की सही करतो मी," म्हणाला.

"कुणी सांगितलं होतं तुला हे काम?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

लव्हॉन खुर्चीवरून उठली. "मी सांगितलं. चाप फार जड होता, नेम हलायचा. रबराची मूठ पण आहे, ती मी दर वेळी काढून पुन्हा लाकडी लावते. आणि ती लाल खूण नेलपॉलिशची आहे, ऑर्व्ही. माशी नीट दिसावी म्हणून लावली होती. पुसली, पण खाचेतली राहिली वाटतं."

"नेम?" मी म्हणालो. वीस माणसांसमोर माझ्या तोंडून तेवढाच शब्द निघाला. "कसला नेम?"

"गुरुवारचा. बायकांचा नेमबाजीचा गट."

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं. ओट्स खाताना. म्हटलं, मी आत्याचं रिव्हॉल्वर घेऊन एमेटकडे शिकायला जातेय आणि त्याला जरा दुरुस्त करून घेतेय, चालेल ना? तू दोनदा हो म्हणालास."

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. मी मिसेस पाश यांच्याकडे वळलो. माणूस बुडताना फळी शोधतो तसा. "पण मुलामा? खास मागणी? बाहेरून तरी ते…"

त्यांनी माझ्याकडे फार मायेनं पाहिलं. ते सगळ्यात वाईट होतं. "मिस्टर टेश, मुलामा कारखान्यातला नाही. नळीवर कारखान्यानं ठोकलेल्या अक्षरांच्या कडा बघा, घासून बोथट झाल्यात. कुणीतरी खूप वर्षांपूर्वी सगळे भाग एकदमच बुडवून घेतलेत, म्हणून घोड्यावरही चढला. संग्रहाच्या दृष्टीनं याची किंमत तेव्हाच गेली."

मी लव्हॉनकडे पाहिलं.

"एकसष्ट साली," ती म्हणाली. "तळ्याच्या दमटपणानं गंज चढायचा. आत्यानं ते मोटारींचे बंपर चमकवणाऱ्याकडे दिलं. त्यानं पैसेसुद्धा घेतले नाहीत, दोन शनिवार फुकट जेवला. मला आत्यानंच सांगितलं होतं."

"आणि तू मला इतकी वर्षं…"

"तू खास मागणी म्हणताना इतका खूश दिसायचास!"

सेल्मरनं खिशातून घडी केलेला कागद काढला. माझाच ठराव. त्यानं तो मोठ्यानं, एकही शब्द न गाळता वाचला. मी लिहिलेल्या इतर कुठल्याही मजकुराला आजवर इतके लक्ष देणारे श्रोते लाभले नव्हते. एक वर्ष स्थगित. निवडणूक गेली.

मिसेस पाश यांनी पट्टी पुन्हा बसवली आणि रिव्हॉल्वर माझ्याकडे न देता लव्हॉनच्या हातात दिलं. "विकणार असाल तर मी आत्ता घेते," त्या म्हणाल्या. "कपाटासाठी नाही हं. मला स्वतःला वापरायला."

"विकायचं नाही," लव्हॉन म्हणाली.

ट्रक तिनंच चालवला. अर्ध्या वाटेत म्हणाली, "मी सांगायचा प्रयत्न केला होता."

"जोरात नाही केलास," मी म्हणालो.

"नाही," ती म्हणाली. "तेही खरंच." आणि बाकीचा रस्ता ओठ दाबून बसली होती. रडत असेल म्हणून पाहिलं. रडत नव्हती.

१४ एप्रिल, रविवार

काही लिहिण्यासारखं नाही.

१७ एप्रिल, बुधवार

पंचनामा करायची सवय सुटत नाही. आज कागद घेऊन बसलो. वस्तू: छोटं रिव्हॉल्वर. घटना: चाप हलका केला, स्प्रिंग बदलली, मूठ बदलली, माशीला रंग. झालेलं नुकसान: शून्य. कारण संग्राहकाच्या दृष्टीनं जाण्यासारखं जे होतं ते एकसष्ट सालीच बंपरवाल्यानं नेलं. लाकडी मूठ शाबूत आहे. जुनी स्प्रिंग एमेटनं कागदाच्या पुडीत जपून ठेवली आहे, मी विचारून आलो.

विचारायला गेलो तेव्हा मी त्याला म्हणालो, "एमेट, खरं सांग. हे रिव्हॉल्वर जर खरोखर मूळ स्थितीत असतं, तर तू हे काम केलं असतंस?"

"तिला आधी सांगितलं असतं, किंमत पडेल म्हणून."

"आणि तरी ती कर म्हणाली असती तर?"

"केलं असतं. तिचं आहे."

तिचं आहे. तीन दिवसांत हे वाक्य मला चौथ्या माणसानं ऐकवलं. सेल्मरनं तर कुंपणावरून ऐकवलं. बरं, आहे तिचं. मी कधी नाही म्हणालो? सांभाळत होतो एवढंच.

रात्रीच्या जेवणाला लव्हॉननं डुकराच्या चॉप्स केल्या होत्या. मी म्हटलं, "त्या गुरुवारी एवढं असतं तरी काय?"

"ये बघायला."

"पुरुषांना येऊ देतात?"

"टारगेटचे पत्रे परत उभे करायला लागतातच कुणीतरी."

२७ एप्रिल, शनिवार

आज एमेटच्या मागच्या माळावर बायकांची स्पर्धा होती. बर्फ गेलाय, चिखल घोट्यापर्यंत. अठरा बायका, बहुतेक सगळ्यांना मी चर्चमध्ये ओळखतो. म्हणजे ओळखतो असं मला वाटायचं. पोस्टातली डोरीन तर आवाज अडवणारी हेडफोनसारखी कानझाकणं घालून शिव्या देत गोळ्या भरत होती.

मी पत्र्याच्या ताटल्या उभ्या करायच्या कामावर होतो. दर फेरीनंतर चिखलातून जायचं, आडव्या पडलेल्या ताटल्या उचलायच्या, यायचं. म्हणून लव्हॉनच्या वेळी मी बाजूला, अगदी जवळ होतो.

ती पाय रोवून उभी राहिली. बसच्या दारात उभी राहायची तशी, गाडीत सगळी पोरं चढलीत की नाही हे बघत. रबराची काळी मूठ तिच्या हातात पक्की बसली होती. माशीवर लाल रंग. शिट्टी झाली आणि पाच आवाज झाले, घाईचे नाहीत, एकाला लागून एक. पाचही ताटल्या आडव्या.

तिनं रिव्हॉल्वर उघडून रिकाम्या पुंगळ्या तळहातावर पाडल्या आणि माझ्याकडे वळून पाहिलं. असा चेहरा मी तिचा पूर्वी पाहिला नव्हता. की असेल, आणि मी काहीतरी वाचत असेन. मला टाळ्या वाजवायच्या होत्या, पण दोन्ही हातांत पत्रे होते. मी ते एकमेकांवर आपटले. फार मोठा आवाज झाला. डोरीन दचकली आणि मला जे म्हणाली ते लिहिण्याजोगं नाही.

एकंदरीत लव्हॉन दुसरी आली. पहिल्या बाईला हॅम मिळालं, लव्हॉनला सॉसेजचा हातभर दांडा. दुसरी येणं अन्यायाचं होतं. तिसऱ्या फेरीत तिची एक गोळी ताटलीच्या कडेला लागली होती, पत्रा हलला पण पडला नाही. मी पंचांकडे लेखी हरकत घ्यायच्या विचारात होतो. लव्हॉननं हरकत घेऊ दिली नाही. म्हणाली, "ऑर्व्ही, सॉसेज छान आहे. गप्प बस."

सगळ्या गेल्यावर ती मला म्हणाली, "इतकी वर्षं कपाटात ठेवलंस. कधी चालवलंस का?"

"संग्राहक चालवत नाहीत."

"तू सध्या संग्राहक नाहीस. वर्षभर स्थगित आहेस."

यात तथ्य होतं. एमेटनं पाच ताटल्या उभ्या केल्या. लव्हॉन माझ्या मागे उभी राहिली, माझे खांदे दाबून खाली केले आणि माझी बोटं एकेक करून मुठीवर नीट बसवली. रबर खरंच हातात बसतं, हे इथे नोंदवून ठेवतो. चाप तर काय, आला पण कळलं नाही.

पाच गोळ्या झाडल्या. ताटल्या पाचही उभ्या. एमेट फार वेळ आकाशाकडे बघत राहिला.

लव्हॉनचं म्हणणं असं की मी पाचही वेळा डोळे गच्च मिटले होते. मला तसं काही दिसलं नाही.